घरच्या घरी कारचं इंजिन बे कसं साफ करायचं? जेट न मारता, सेन्सर न बिघडवता

खंडेनवमीला भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत मशीनची पूजा होते आणि दसऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुवायची रांग लागते. गाडी बाहेरून चकाचक होते. मग कोणीतरी बॉनेट उघडतं. आत पावसाळ्याचा वाळलेला चिखल, धुळीचा थर, कोपऱ्यात अडकलेली पानं. हातात पाइप असतोच. "दोन मिनिटं पाणी मार, सगळं निघून जाईल." नेमकी इथेच गडबड होते.

पाणी मारलं की गाडी लगेच बंद पडेल असं नाही. अनेकदा त्या दिवशी ती मस्त चालते. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या शिफ्टला निघताना मात्र स्टार्ट केल्यावर थरथरते, मिसिंग करते, नाहीतर डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन लाइट लागतो. आदल्या दिवशीचं पाणी कुठल्या तरी कनेक्टरमध्ये शिरून बसलेलं असतं.

याचा अर्थ इंजिन बे साफच करू नये असा नाही. करावं, आणि ते घरी करता येतं. फक्त ते अंगण धुण्यासारखं नाही, तर कॉम्प्युटरचा सीपीयू उघडून पुसण्यासारखं काम आहे हे लक्षात ठेवा.

थोडक्यात सांगायचं तर

- इंजिन पूर्ण थंड असताना काम करा.
- प्रेशर वॉशर आणि पाइप, दोन्ही नको. स्प्रे बाटली, ब्रश आणि फडकी पुरतात.
- पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर अजिबात वापरू नका.
- अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू, एअर इनटेक झाका.
- पूर्ण सुकल्याशिवाय गाडी स्टार्ट करू नका.

इंजिन बे साफ कशासाठी करायचं?

चमक हा त्यातला सगळ्यात छोटा फायदा आहे. खरे फायदे तीन.

१. लीक दिसतो. सगळीकडे तेलकट धूळ असेल तर नवीन ऑइल लीक कुठून सुरू झाला ते मेकॅनिकलाही पटकन कळत नाही. स्वच्छ इंजिनवर एक थेंबही उठून दिसतो.

२. आगीचा धोका कमी होतो. झाडाखाली उभ्या गाडीत वाळलेली पानं आणि काटक्या जमतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं तापमान काहीशे अंशांवर जातं. त्याच्याजवळ सुकी पानं किंवा तेलाने भिजलेलं विसरलेलं फडकं असणं धोक्याचं आहे.

३. उंदरांचा पत्ता लागतो. पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर बॉनेटखालच्या उबदार जागेत शिरतात, वायरी आणि इन्सुलेशन कुरतडतात. लेंड्या, कुरतडलेला फोम, कागदाचे तुकडे दिसले तर वायर तुटायच्या आधीच सावध होता येतं.

आपल्या पट्ट्यात हे जास्त लागू होतं. पुणे-नाशिक महामार्गावर रोज चाकणला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तळेगाव चौकात ट्रक-ट्रेलरच्या मागे अडकून उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. मोशी, चिखली, चऱ्होलीकडे बांधकामांची धूळ वेगळी. ही सगळी धूळ रेडिएटरच्या जाळीतून आत येते आणि जिथे थोडं तेल किंवा ग्रीस असेल तिथे चिकटून बसते.

गाडी पावसात चालते, मग पाण्याचा प्रॉब्लेम काय?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तुमच्या फोनमध्येच आहे.

फोन घेताना आपण आयपी६७ किंवा आयपी६८ बघतो. यातला पहिला आकडा धुळीपासूनचं संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचं. दुसरा आकडा ७ असेल तर वस्तू १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटं टिकली आहे. पण ही बुडवण्याची चाचणी आहे. जोरात मारलेल्या पाण्याची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. आणि अगदी जवळून मारलेल्या, जास्त प्रेशरच्या गरम पाण्यासाठी ९. त्या चाचणीत १० ते १५ सेंटिमीटरवरून ८० ते १०० बार प्रेशरने ८० अंश सेल्सिअसचं पाणी मारतात. म्हणजे आयपी६७ असलेली वस्तू जेटसमोर टिकेलच याची काहीही गॅरंटी नाही.

आता प्रेशरचा हिशोब बघा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं. म्हणजे चार मजली बिल्डिंगच्या टाकीतून पार्किंगच्या नळाला येणारं प्रेशर साधारण सव्वा ते दीड बार. घरगुती प्रेशर वॉशरचं प्रेशर मात्र १०० बार किंवा त्याहूनही जास्त असतं. पावसाचं पाणी वरून येतं, बॉनेटवर आदळतं आणि बाजूने वाहून जातं. चाकांनी उडवलेले शिंतोडे आत येतात, पण ते शिंतोडेच. कनेक्टरचं रबर सील याच हिशोबाने बनवलेलं असतं. त्यात गाडी ८-१० वर्षं जुनी असेल तर उष्णतेने ते सील कडक झालेलं असतं.

दुसरं कारण आणखी महत्त्वाचं आहे. गरम भाजी भरून डब्याचं झाकण घट्ट लावलं की थोड्या वेळाने ते उघडता उघडत नाही, बरोबर? आतली हवा थंड होऊन आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. गरम इंजिनवरच्या सेन्सर-कनेक्टरचंही तसंच होतं. त्यावर अचानक थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या बारीक फटीतून पाणी आत ओढून घेते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. मग पिना हिरव्या पडतात, गंजतात आणि बिघाड कधीकधी महिन्याभराने समोर येतो. म्हणूनच पहिला नियम आहे: इंजिन थंड पाहिजे.

काय काय लागेल?

- दोन स्प्रे बाटल्या (एकात साधं पाणी, एकात क्लीनर)
- पाण्यात मिसळून वापरायचा डिग्रीझर किंवा साधा कार शाम्पू
- रंगकामाचा मऊ ब्रश आणि जुना टूथब्रश
- चार-पाच मायक्रोफायबर फडकी किंवा जुने सुती बनियन
- प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड
- हातमोजे, मास्क, जमल्यास गॉगल
- खाली पसरायला जुना पुठ्ठा

एकूण पाणी दोन-तीन लिटर पुरतं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून सुरू झालेलं एक दिवसाआड पाणी लक्षात घेता ही पद्धत सोसायटीतही कोणाला खटकणार नाही.

डिग्रीझर किती घालायचा? बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच. भांड्यांची पावडर, कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर किंवा टॉयलेट क्लीनर वापरू नका. इंजिनचे बरेच भाग ॲल्युमिनियमचे असतात. कडक अल्कली किंवा ॲसिडने त्यांच्यावर कायमचे डाग पडतात.

साफसफाई: स्टेप बाय स्टेप

स्टेप १: गाडी थंड होऊ द्या. सगळ्यात उत्तम म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या. हँडब्रेक लावा, इग्निशन बंद करा. पुश बटनची गाडी असेल तर चावी घरात ठेवा. अनेक गाड्यांमध्ये इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा फॅन अचानक फिरू शकतो, म्हणून गरम गाडीत फॅनजवळ हात घालू नका. रेडिएटरचं झाकण तर गरम असताना कधीच उघडायचं नाही. आतलं कूलंट उसळून चेहऱ्यावर येतं.

स्टेप २: अंगावरचं सामान उतरवा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये धातू आला की शॉर्ट होतो आणि क्षणात लालबुंद होतो. गळ्यातलं कंपनीचं आयकार्डही काढा, त्याची दोरी अडकते. आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात नको. वाकलात की तो थेट इंजिनच्या फटीत जातो आणि काढायला खालचं कव्हर खोलावं लागतं.

स्टेप ३: आधी फोटो काढा. चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो आणि एक सावकाश व्हिडिओ. कुठला पाइप कुठे आहे, कुठली क्लिप आधीपासूनच तुटलेली आहे, तेलाचा डाग कुठे आहे, याचा हा तुमचा पुरावा. पुढे मेकॅनिकशी बोलतानाही कामाला येतो.

स्टेप ४: सुका कचरा काढा. पानं, काटक्या, धूळ मऊ ब्रशने काढा. वायपरच्या खालची जाळी विसरू नका. तिथलं पाणी वाहून जाण्याचं छिद्र पानांनी बंद झालं की पावसाळ्यात पाणी केबिनमध्ये येऊ शकतं.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर सुक्या झटकू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशक फवारून थोडा वेळ थांबा, मग ओल्या कागदाने उचला आणि नंतर हात साबणाने धुवा. वायर कुरतडलेली दिसली तर गाडी स्टार्ट न करता आधी मेकॅनिकला फोटो पाठवा.

स्टेप ५: नाजूक भाग झाका. पिशवी लावून रबर बँड लावा:

- अल्टरनेटर (बेल्टने फिरणारा, जाळीसारखी छिद्रं असलेला भाग)
- फ्यूज बॉक्स आणि ईसीयू
- एअर फिल्टरचा डबा आणि त्याचं हवा घेणारं तोंड
- इग्निशन कॉइल, उघडे दिसणारे सेन्सर आणि कनेक्टर
- बॅटरी

ऑइलचं झाकण, डिपस्टिक, ब्रेक ऑइल आणि कूलंटची झाकणं घट्ट बसली आहेत का ते बघा. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं आणि मग ब्रेकची ताकद कमी होते, म्हणून त्या डबीजवळ फक्त ओलसर फडकं.

एकूण किती पिशव्या लावल्या ते मोजून ठेवा. एखादी राहिली तर गरम एक्झॉस्टवर वितळून चिकटते.

स्टेप ६: फवारणी फडक्यावर, गाडीवर नाही. क्लीनर आधी फडक्यावर किंवा ब्रशवर घ्या आणि वरून खाली, एका वेळी एक हातभर भाग पुसा. बॉनेटची आतली बाजू, प्लॅस्टिक कव्हर, कडेचे पत्रे हे आधी. सांध्यांमध्ये टूथब्रश. जुन्या काळ्या तेलकट थरावर क्लीनर लावून दोन-तीन मिनिटं थांबा, सुकू मात्र देऊ नका. मग साध्या पाण्याच्या ओलसर फडक्याने दोनदा पुसा.

बेल्टवर काहीही लावायचं नाही. रेडिएटरच्या बारीक पात्या दाबाने वाकतात, तिथे फक्त मऊ ब्रश, पात्यांच्याच दिशेने.

स्टेप ७: बॅटरी टर्मिनल. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट पावडर दिसली तर ती हाताने खरवडू नका, त्यात ॲसिडचा अंश असतो. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह केबल काढा, मग पॉझिटिव्ह. एक कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून टूथब्रशने घासा. फेस येईल, तो येणारच. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकवा. लावताना उलट क्रम: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

स्टेप ८: सुकवा. कोरड्या फडक्याने टिपून घ्या. सगळ्या पिशव्या मोजून काढा. बॉनेट उघडं ठेवून किमान एक-दोन तास उन्हात किंवा वाऱ्यात उभी करा. घाई असेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून फटींमधलं पाणी उडवा.

स्टेप ९: स्टार्ट करून बघा. पाच-दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, पण मोकळ्या हवेत. बंद बेसमेंटमध्ये नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. आवाज नेहमीसारखा आहे का, थरथर आहे का, कुठला लाइट लागला का ते बघा. सगळं ठीक असेल तर बॉनेट बंद करण्यापूर्वी पुन्हा चार फोटो काढा.

पेट्रोल-डिझेलने पुसणं का बंद करायला हवं?

"डिझेल मारलं की इंजिन काळंभोर चमकतं" हा सल्ला तुम्ही ऐकला असेलच. चमकतं हे खरं. पण ती चमक म्हणजे राहून गेलेला तेलाचा पातळ थर. त्यावर दोन दिवसांत आधीपेक्षा जास्त धूळ बसते, रबरी पाइप आणि बुश फुगून मऊ पडतात.

पेट्रोल तर त्याहून वाईट. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. बंद पार्किंगमध्ये ती साचते आणि बॅटरीच्या टर्मिनलची एक ठिणगी पुरते. ज्या शहरात गाड्या बनतात तिथे कारखान्यांत ज्वलनशील द्रव कसा हाताळायचा याचे नियम असतात. घरी आल्यावर ते नियम बदलत नाहीत.

सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

सीएनजी: बॉनेटखाली गॅसचा रेग्युलेटर आणि पाइप असतात. ते फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे, कुठलाही नट हलवायचा नाही. गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा, स्विच किंवा चावीला हात न लावता लांब व्हा आणि अधिकृत सेंटरच्या माणसाला बोलवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड: जाड केशरी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, काहीशे व्होल्ट. त्यांना, त्यांच्या कनेक्टरला आणि ते ज्या डब्यांना जोडलेले आहेत त्यांना हात लावायचा नाही, पाणी तर नाहीच. इथे फक्त वरची प्लॅस्टिक कव्हर ओलसर फडक्याने पुसायची. बाकी सर्व्हिस सेंटरचं काम.

साफ केल्यानंतरचा आठवडा महत्त्वाचा

बहुतेक जण इथे थांबतात, पण खरा फायदा इथून सुरू होतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा:

- काळा-तपकिरी, बुळबुळीत डाग: इंजिन ऑइल
- हिरवा, गुलाबी, केशरी किंवा निळा: कूलंट
- पिवळसर, पातळ, चाकाजवळ: ब्रेक ऑइल असू शकतं, गाडी चालवू नका
- स्वच्छ पाणी, एसी वापरल्यावर: एसीचं पाणी, काळजी नको

आठवड्याने पुन्हा त्याच चार कोपऱ्यांतून फोटो काढा आणि जुन्याशी ताडून बघा. नवीन ओला डाग दिसला तर तोच फोटो गॅरेजला दाखवा. "कुठेतरी लीक आहे वाटतं" यापेक्षा "या जॉइंटवर सहा दिवसांत हे आलं" असं सांगितलं की वेळही वाचतो आणि नको ते पार्ट बदलायला कोणी सांगत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती दिवसांनी करायचं? वर्षातून दोनदा पुरे: पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्यात, पावसाच्या आधी. मधे दर पंधरा दिवसांनी फक्त पानं आणि उंदरांच्या खुणा बघा.

दर वेळी बॅटरी काढायला हवी का? ओलसर फडक्याने पुसत असाल तर गरज नाही, झाकली की झालं. केबल काढली तर घड्याळ, रेडिओ आणि काही गाड्यांत काचेचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागतं. मॅन्युअलची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, तुमच्या गाडीचं नेमकं त्यात लिहिलेलं असतं.

वॉशिंग सेंटरवाला जेट मारतोच म्हणाला तर? बॉनेट उघडू देऊ नका. बाहेरून धुवून घ्या, आतलं घरी करा.

चुकून पाणी गेलं आणि गाडी मिसिंग करतेय, काय करू? पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. बंद करा, बॉनेट उघडं ठेवून काही तास सुकू द्या. चेक इंजिन लाइट ब्लिंक होत असेल तर गाडी चालवू नका. जळालं नाही तेवढं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तो महागडा पार्ट आहे.

मळकं पाणी कुठे टाकायचं? पावसाळी गटारात नाही. ती गटारं नाल्याला आणि नाले पवना-इंद्रायणीला मिळतात. आळंदीला इंद्रायणीवर येणारा फेस आपण बघतोच, त्यात आपली भर नको. या पद्धतीत पाणी फडक्यातच राहतं. तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून सुकवा आणि मग कचऱ्यात वेगळी द्या.

पूजेच्या वेळी काय काळजी घ्यावी? हार ग्रिलला घातलात तर संध्याकाळी काढा, झेंडूच्या पाकळ्या रेडिएटरपर्यंत जातात. बॉनेट उघडून पूजा केली तर अक्षता आणि नारळाचं पाणी आत सांडू देऊ नका. पडलेला तांदूळ उंदरांसाठी आमंत्रणच असतो.

यंदा दसऱ्याच्या आदल्या रविवारी पाइपला हात लावायच्या आधी बॉनेट उघडून फक्त चार फोटो काढा. पुढचं काम स्प्रे बाटली आणि जुन्या बनियनवर होतं, आणि सोमवारी सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते.